मुलीच्या फार्मसी प्रवेशासाठी शासनाची शुल्कमाफी : उत्पन्नाचा दाखला आणि बँक खाते

प्रश्न (पालक, देवगड तालुका)

माझ्या मुलीला कॅप (केंद्रीभूत प्रवेश प्रक्रिया) फेरीतून रत्नागिरी जिल्ह्यातील एका खासगी महाविद्यालयात बी. फार्मसीसाठी जागा मिळाली आहे. आम्ही इतर मागास प्रवर्गातील आहोत. हापूसची थोडी कलमे आहेत आणि मुलीचे वडील दुसऱ्याच्या ट्रॉलरवर खलाशी म्हणून जातात. मिळकत वाट्यावर ठरते, पगाराची पावती कधीच नसते, आणि जून-जुलैच्या बंदीत तीही थांबते. अशा घराला उत्पन्नाचा दाखला कशाच्या आधारे मिळतो? मुलीचे खाते गावातील पतसंस्थेत आहे, ते चालेल का? शिवाय महाविद्यालय म्हणते की आधी सगळी फी भरा, शासनाकडून रक्कम आल्यावर परत देऊ. हे बरोबर आहे का?

उत्तर (महाविद्यालयीन कार्यालयातील निवृत्त लिपिक, रत्नागिरी)

ताई, शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण त्यापायी अनेक घरांत दागिने गहाण पडताना मी पाहिले आहे. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार, व्यावसायिक अभ्यासक्रमाला कॅपमधून प्रवेश घेतलेल्या आणि कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असलेल्या आपल्या प्रवर्गातील मुलींना शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. पात्र मुलीकडून शिक्षण शुल्क आगाऊ घेणे योग्य नाही. कार्यालयाला लेखी अर्ज द्या आणि त्याची पोच घ्या. तोंडी विनंतीला कागदावर उत्तर मिळत नाही. विकास शुल्क, वसतिगृह आणि खानावळ यांचा खर्च मात्र या माफीत येत नाही, तेवढी तजवीज आपल्याला करावी लागेल. संस्थास्तरावरील किंवा व्यवस्थापन कोट्यातील जागेला ही सवलत नाही, म्हणून कॅपचे वाटपपत्र जपून ठेवा.

दाखल्यासाठी पगाराची पावती लागत नाही. तलाठी चौकशी करून अहवाल देतात, त्यावर तहसीलदारांचा दाखला निघतो, आणि अर्ज सेतू केंद्रातून करता येतो. कलमांचे आणि वाट्याचे असे दोन्ही उत्पन्न खरे सांगा. इतर मागास प्रवर्गाच्या सवलतीला लागणाऱ्या नॉन-क्रीमीलेयर दाखल्यासाठी तीन वर्षांचे उत्पन्न पाहतात, त्यामुळे तलाठ्यांकडे जाल तेव्हा दोन्ही कामे एकाच वेळी सांगावीत.

उत्तर (अभियांत्रिकीची विद्यार्थिनी, मालवण)

काकू, पतसंस्थेचे खाते चालणार नाही. महाडीबीटीचे (शुल्कमाफीचा अर्ज ज्यावर भरायचा त्या शासनाच्या संकेतस्थळाचे) पैसे आधारशी जोडलेल्या बँक खात्यातच जमा होतात. ‘लाडकी बहीण’च्या वेळी आपल्याकडे बँकांपुढे रांगा लागल्या होत्या, त्या याच जोडणीसाठी. येथे एक बारीक गोष्ट आहे: बँकेत आधारची प्रत दिली म्हणजे जोडणी झाली असे नसते, आणि दोन बँकांत खाती असतील तर शेवटी ज्या खात्याला आधार जोडले त्याच खात्यात रक्कम जाते. बँक लांब असेल तर पोस्टमन घरी येऊन इंडिया पोस्ट पेमेंट्स बँकेचे खाते उघडून देतात आणि आधारची जोडणीही करतात.

अर्ज भरून झाला की काम संपले, असे कृपया समजू नका. तो आधी महाविद्यालयाच्या लॉगिनला तपासला जातो आणि कागद अस्पष्ट असला तरी परत पाठवला जातो. माझ्या मैत्रिणीचा अर्ज असा परत आला होता आणि तिला ते कळलेच नव्हते, कारण नोंदणीला दिलेला मोबाइल क्रमांक सायबर कॅफेवाल्याचा होता. क्रमांक, यूजर आयडी आणि पासवर्ड मुलीचे स्वतःचेच हवेत. दहावीच्या गुणपत्रिकेवरील आणि आधारवरील नाव एकसारखे आहे का, तेही आजच पाहा. त्या दुरुस्तीला वेळ लागतो.

उत्तर (निवृत्त लिपिक, रत्नागिरी)

मालवणच्या मुलीने सांगितले ते अगदी खरे आहे. आणखी एक : आपली मुलगी घराबाहेर राहणार असेल आणि शासकीय वसतिगृहात जागा मिळाली नाही, तर इतर मागास प्रवर्गासाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना आहे. तिचा अर्ज वेगळा असतो, म्हणून जिल्ह्याच्या इतर मागास बहुजन कल्याण कार्यालयात आताच चौकशी करून ठेवा. आणि शुल्कमाफीच्या अर्जाचे नूतनीकरण दरवर्षी करावे लागते, हे मुलीला पहिल्याच वर्षी सांगून ठेवा.