जुन्या वस्तऱ्याचं पातं आरशासारखं चमकवायचं का?

गंजखोर: जुना वस्तरा हातात आला की लोक आधी बफिंग व्हीलला, म्हणजे चमक आणणाऱ्या फिरत्या चाकाला लावतात. माझं म्हणणं, लाल गंज काढा आणि थांबा. काळपट-करडी झाक पातं पोखरत नाही, लाल गंज पोखरतो. पॉलिशच्या नादात आधी जातो तो नक्षीतला सोन्याचा मुलामा. तो इतका पातळ असतो की धातूच्या पॉलिशचे दोन-चार हात फिरले की साफ. मग नक्षी पुसट होते, शेवटी पात्यावरचा, मुठीजवळचा कारखान्याचा ठसा. शेफील्ड या इंग्लंडमधल्या शहरात बनलेल्या पात्यावर 'इंग्लंड' आहे की नाही यावरून वयाचा अंदाज बांधतात, कारण १८९१ पासून अमेरिकेत येणाऱ्या मालावर देशाचं नाव सक्तीचं झालं. ठसाच घासलात तर कशावरून सांगणार?

चकाकी: शेफील्डची चांगली पाती कारखान्यातूनच लखलखीत निघायची. मग मूळ रूप कुठलं, ती चमक की तुमची काळपट झाक? शिवाय बारीक खड्ड्यांत ओल धरते आणि गंज परत येतो. ठशावर चिकटपट्टी लावा, ६०० नंबरपासून २००० नंबरपर्यंतचा (नंबर मोठा तितका बारीक) पॉलिश पेपर ओला करून हातानेच घासा. आधीच्या पेपरचे ओरखडे पूर्ण गेल्याशिवाय पुढचा घ्यायचा नाही, एवढंच पथ्य.

गंजखोर: हाताने घासणार असाल तर माझा विरोध निम्मा. व्हीलवर मात्र पोकळ घासलेल्या, म्हणजे दोन्ही बाजूंनी आत खोलगट केलेल्या पात्याची पातळ धार क्षणात तापते. निळी झाक दिसली म्हणजे तापमान ३०० अंश सेल्सियसच्या आसपास गेलं, तेवढ्या भागाचं पाणी उतरलं, म्हणजे पोलादाचा कडकपणा गेला. तिथे पुन्हा धार टिकत नाही. आणि व्हीलने पातं ओढून भिरकावलं तर बोटं वाचणं नशिबावर.

सहाणेवरचा: तुम्ही दोघंही पाठ, म्हणजे धारेसमोरची पात्याची जाड कड, विसरलात! सहाणेवर पाठ आणि धार एकदमच टेकतात, म्हणजे धारेचा कोन पाठीच्या जाडीवरच ठरतो. पात्याची रुंदी पाठीच्या साधारण साडेतीन पट असेल तर कोन १६-१७ अंश येतो. चमकेसाठी पाठ कमी-जास्त घासली की धार एकसारखी लागत नाही. सहाणेवर टेकते तिथे पेपर लावूच नका.

चकाकी: मान्य. पण मूठ पात्यापासून सुटी न करता केलेली साफसफाई अर्धवटच. दोन्ही जोडणाऱ्या खिळ्याभोवतीचा गंज आत तसाच राहतो. मूठ सेल्युलॉइडची (जुन्या प्रकारचं प्लॅस्टिक) असेल तर अ‍ॅसिटोन लांब ठेवा, ती विरघळते. पेटही लगेच घेते. आणि सेल्युलॉइड कुजायला लागलं असेल तर त्याच्या आम्लधर्मी वाफांनी पातं पुन्हा गंजणारच, कितीही तेल लावा.

गंजखोर: कुजली असेल तर बदला, वाद नाही. धड मुठीचे मूळ खिळे नुसत्या साफसफाईसाठी तोडायचे नाहीत. तेल सोडून, कापडाची पट्टी आत सरकवून बरंच निघतं.

चकाकी: 'बरंच' म्हणजे सगळं नाही. खिळा नवा ठोकता येतो, सांध्यात खाल्लेलं पोलाद भरून येत नाही. मी तोडणार.