जागचे न हलणारे झाड आणि लढाईतील थरार

खेळातले झाड जागचे हलत नाही, मग त्याच्याशी लढण्यात थरार कसला, असा आक्षेप काही जण घेतात; तो मला पटत नाही. टेबलाभोवती बसून पात्रे रंगवत खेळायच्या ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ या खेळाच्या पाचव्या आवृत्तीतील श्रीकर ही बुरशी पाहा (नाव ऐकून आमच्या टेबलावर पहिली पाच मिनिटे हसण्यात जातात). २०१४च्या नियमांत तिचा वेग शून्य असून तिला हल्लाही करता येत नाही. मात्र ३० फुटांच्या आत प्रखर उजेड किंवा एखादा जीव आला की ती किंचाळू लागते, आणि गुहेतले बाकी सगळे जागे होते. मशाल घेऊन पुढे जायचे की अंधारात चाचपडायचे, हा पेच खेळाडूंना तलवारीने सोडवता येत नाही.

याउलट शॅम्बलिंग माउंड हा कुजक्या वेलींचा चालता ढिगारा १९७५पासून या खेळात आहे. आताच्या नियमांनुसार त्याच्यावर वीज सोडल्यास इजा होत नाहीच, उलट जेवढी इजा व्हायची तेवढे त्याचे जीवनगुण (किती जीव उरला ते दाखवणारा आकडा) भरून निघतात. आमच्या जादूगाराने सर्वांत महागडा मंत्र वापरला, तेव्हा गेममास्तरांनी (खेळ चालवणाऱ्यांनी) शांतपणे पेन्सिल उचलून आकडा वाढवला.