गावच्या रस्त्याला हेल्मेट कशाला, म्हणणाऱ्या भावाला काय सांगू? (मोहोळ – चिंचोळी एमआयडीसी)

मोहोळची_ताई

माझा धाकटा भाऊ चिंचोळी एमआयडीसीत कामाला आहे. सेकंड शिफ्ट सुटली की रात्री बाराच्या पुढं बाइकवर गावाकडं निघतो. थोडा पुणे-सोलापूर हायवे, मग आत वळून उसाच्या वाहतुकीचा रस्ता, शेवटी वस्तीपर्यंतचा अरुंद डांबरी तुकडा. हायवे संपला की हेल्मेट काढून हाताला अडकवतो. "अपघात हायवेला होतात, इकडं रात्रीचं कोण येतंय?" असं त्याचं म्हणणं. भावजय मागं बसते तेव्हा तिच्या डोक्याला नुसता स्कार्फ. साखर कारखाने सुरू झालेत, उसाच्या ट्रॉल्या रात्रभर चालू आहेत, आणि तो दारात येईपर्यंत आईचा डोळा लागत नाही. खरे आकडे काय आहेत? आणि हेल्मेटशिवाय आणखी काय काळजी घ्यावी?

वासरूवाला१३

ताई, मी पशुधन पर्यवेक्षक. गाय अडली की रात्री-अपरात्री फोन येतो आणि निघावंच लागतं. मोहोळ-मंगळवेढा पट्ट्यातले वस्त्यांचे रस्ते रोजचेच आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालाप्रमाणे २०२२ मध्ये देशात रस्त्यावर १,६८,४९१ माणसं गेली. त्यातली सुमारे ६८ टक्के ग्रामीण भागात. भाऊ म्हणेल, गावाजवळून जाणारा हायवेही त्यातच धरलाय. बरोबर आहे त्याचं. म्हणून दुसरा आकडा दाखवा: राष्ट्रीय महामार्गही नाही आणि राज्य महामार्गही नाही, अशा रस्त्यांवर ३९ टक्के मृत्यू झाले, म्हणजे राष्ट्रीय महामार्गांपेक्षाही जास्त. मेलेल्यांत जवळपास ४५ टक्के दुचाकीवरचे. हेल्मेट नसलेले ५०,०२९, आणि त्यातले १४,३३७ मागं बसलेले. हा शेवटचा आकडा भावजयीच्या स्कार्फसाठी आहे. तो भावाला नीट वाचून दाखवा.

वळणावर जपतो, असंही तो म्हणेल. दोनतृतीयांश अपघात सरळ रस्त्यावरचे आहेत.

आता रात्रीचं. ताशी ६० ने गाडी सेकंदाला साधारण १७ मीटर जाते. पुढं काहीतरी आहे हे दिसून, कळून, ब्रेक दाबेपर्यंत दीडेक सेकंद जातो, म्हणजे २५ मीटर गेलेच. मग कोरड्या चांगल्या डांबरावरसुद्धा थांबायला वीस-पंचवीस मीटर लागतात. शंभर सीसीच्या गाडीच्या डिप्परमध्ये, म्हणजे खाली पाडलेल्या उजेडात, एवढ्या लांबचं काळं काही दिसत नाही. हेच ४० ने चालवलं तर सगळं मिळून २७-२८ मीटरमध्ये गाडी उभी राहते. दिव्यात जेवढं दिसतं तेवढ्यात थांबता आलं पाहिजे, मी स्वतः याच हिशोबानं चालवतो.

कारण या रस्त्यावर काळं काय काय असतं ते बघा. उसाची ट्रॉली मागून कधी नीट पाहिलीय का? उसाची टोकं फाळक्याच्या बाहेर दोन-तीन फूट लोंबतात, खालचा लाल दिवा त्यांच्या आड जातो, आणि रिफ्लेक्टर असला तरी चिखलानं लिंपलेला. पंक्चर झाली तर ती जिथं आहे तिथंच उभी राहते. मागं इशारा म्हणून मोठे दगड मांडतात. सकाळी ट्रॉली निघून जाते आणि दगड तिथंच राहतात! ते दगड दिसले की मी गाडी बाजूला लावून लाथेनं कडेला लोटतो. तुमच्या भावालाही सांगा, दोन मिनिटांचं काम आहे, मागून येणाऱ्या एखाद्याचा जीव वाचतो.

समोरून एकच दिवा आला तर बाइकच आहे असं धरून चालू नये. एक दिवा गेलेला ट्रॅक्टरही असतो, आणि तो दिवा डावीकडचा की उजवीकडचा हे कळेपर्यंत तो जवळ आलेला असतो. पूर्ण साइड द्यायची. पण साइडपट्टी बघून, कारण खचलेल्या कडेवरून पुढचं चाक खाली गेलं आणि हँडल पुन्हा वर ओढलं की गाडी आडवी होते. शेतातून निघालेला ट्रॅक्टर चाकाची काळी माती डांबरावर सोडतो. त्यावर दव पडलं की पुढचा ब्रेक दाबायची सोयच नाही. वेग आधीच उतरलेला हवा.

हेल्मेट का काढतो, ते त्याला रागावल्याशिवाय विचारा. बहुतेक वेळा काचेवर ओरखडे असतात, रात्री समोरचा उजेड त्यावर फाकतो आणि काहीच दिसत नाही. नुसती काच बदलून मिळते. नवीन घ्यायचं तर आयएस ४१५१ (हेल्मेटचं भारतीय मानक) आणि आयएसआयचा शिक्का बघून, दोघांसाठी दोन घ्या. पट्टा हनुवटीखाली लावलेला हवा. हेल्मेटमुळे दुचाकीस्वाराचा मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्के आणि डोक्याला मार लागायचा धोका ६९ टक्के कमी होतो, असं जगभरच्या अभ्यासांतून निघालंय. मला स्वतःला हेल्मेटच्या बाबतीत गावचा रस्ता आणि हायवे हा फरकच मान्य नाही.

ऊसवाला_माढा

ट्रॅक्टरवाल्याच्या बाजूनं बोलतो. मागं दोन ट्रॉल्या भरलेल्या असल्या की आम्हाला मागचं काही म्हणजे काही दिसत नाही. इंजिनच्या आवाजात हॉर्नही ऐकू येत नाही. ट्रॅक्टर डावीकडं सरकला म्हणजे साइड दिली असं बाइकवाल्यांना वाटतं. तसं धरू नका भाऊ. उजवीकडं शेतात किंवा वजनकाट्यावर वळायचं असलं तर जोड ट्रॉली आधी डावीकडं घ्यावीच लागते. तेवढ्यात उजवीकडून कुणी घुसला तर तो थेट ट्रॅक्टरच्या तोंडाशी येतो.

रिफ्लेक्टरबद्दल वरचं लिहिलेलं खरं आहे. आम्ही लाल रिफ्लेक्टर टेप लावलेली फळी दर खेपेला उसाच्या टोकांना बांधतो, फाळक्याला नाही. टेप स्वस्त आहे. ज्यांच्या ओळखीत ऊसतोड टोळी, मुकादम किंवा वाहनमालक आहेत त्यांनी एवढं सांगून बघावं.

मोहोळची_ताई

दोघांचेही आभार. भावाला जेवताना वाचून दाखवलं. १४,३३७ ला तो गप्प झाला. काचेचंच कारण निघालं, रविवारी सोलापूरला जाऊन काच बदलायची आणि भावजयीला हेल्मेट घ्यायचं ठरलंय. त्याचा एक प्रश्न आहे: रात्री कुणी पडलेला दिसला तर हात लावायला भीती वाटते, पोलिसांचा ससेमिरा मागं लागेल म्हणून. काय करावं?

वासरूवाला१३

ती भीती आता नको. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीनं कलम १३४ अ आलंय. चांगल्या हेतूनं मदत करणाऱ्यावर कारवाई होत नाही, आणि स्वतःचं नाव-पत्ता सांगायची सक्तीही करता येत नाही. २०२५ पासून अपघातग्रस्ताला पहिले सात दिवस दीड लाखापर्यंत कॅशलेस उपचारांची केंद्राची योजनाही आहे, त्यामुळे पैशासाठी थांबायचं कारण नाही.

आधी स्वतःची गाडी कडेला, दिवा आणि इंडिकेटर चालू, मागून येणाऱ्यांना मोबाइलच्या उजेडानं थांबवायचं. मग १०८ ला फोन, ॲम्ब्युलन्ससाठी. जखमीचं हेल्मेट ओढून काढू नये, मानेला इजा असू शकते. श्वास अडकलेला नसेल तर पट्टा आणि काच तेवढी मोकळी करायची. अंगातून रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापड घट्ट दाबून धरायचं. पाणी पाजू नये.

आणि १०८ ला "अमक्याच्या वस्तीजवळ" एवढंच सांगून भागत नाही. कुठल्या दोन गावांच्या मध्ये, किलोमीटरचा दगड किती, जवळ कॅनॉल, शाळा की विजेची डीपी, हे सांगायचं, आणि एका माणसाला फाट्यावर बॅटरी घेऊन उभं करायचं.