सिम्फनी ऑर्केस्ट्राच्या ग्रंथपालपदासाठी अर्ज कसा करावा?

खानापूरकरीण
नमस्कार. मी धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठातून ग्रंथालयशास्त्राची पदव्युत्तर पदवी घेतली असून सध्या बेळगावातील एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात काम करते. कॅम्प भागातील चर्चमध्ये वाजवणाऱ्या एका शिक्षकांकडे नऊ वर्षे व्हायोलिन शिकल्यामुळे मला स्टाफ नोटेशन, म्हणजे पाच रेघांवरची पाश्चात्त्य स्वरलिपी, वाचता येते. एका व्यावसायिक सिम्फनी ऑर्केस्ट्राला ग्रंथपाल हवा आहे आणि अर्जाला महिन्याची मुदत आहे. वर्गीकरण, तालिकीकरण आणि संगणकीकरणाचा अनुभव मी सविस्तर लिहिला आहे. परंतु मुलाखतीत प्रात्यक्षिक होणार असे कळल्यापासून मन साशंक आहे. अर्जात नेमके काय पुढे आणावे, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

निपाणीकर
ताई, मुंबईत मी काही वर्षे एका ऑर्केस्ट्राच्या म्युझिक लायब्ररीत सहायक होतो. तुमचा अर्ज ग्रंथालयाच्या अंगाने लिहिलेला आहे आणि त्यामुळेच तो मागे पडेल, असे मला मनापासून वाटते. तिथे वाचक येत नाहीत. तालमीच्या वेळी प्रत्येक स्टँडवर ज्याचा त्याचा पार्ट (त्या वाद्यापुरती स्वरलिपीची प्रत), ठरलेल्या आवृत्तीचा आणि सर्व खुणांसह मांडलेला असावा, यासाठी ते पद असते.

तंतुवाद्यांत दोघांना एक स्टँड असतो. १४ पहिली व्हायोलिन, १२ दुसरी, १० व्हायोला, ८ चेलो आणि ६ डबल बास असले की २५ प्रती झाल्या. गज कुठे वर न्यायचा आणि कुठे खाली ओढायचा, हे कॉन्सर्टमास्टर (पहिल्या व्हायोलिनांचा प्रमुख) आणि त्या त्या गटाचे प्रमुख ठरवतात आणि त्या खुणा ग्रंथपालाने प्रत्येक प्रतीत मऊ पेन्सिलीने उतरवायच्या असतात. शाई वर्ज्य, कारण भाड्याने आणलेले पार्ट परत करायचे असतात. या खुणांचा अर्थ तुमच्या हाताला ठाऊक आहे. अर्जाच्या पहिल्या परिच्छेदात हे येऊ द्या, पदवी नंतर.

वाद्यसंख्या वाचण्याचीही तयारी ठेवा. द्वोर्झाकच्या ‘न्यू वर्ल्ड’ सिम्फनीपुढे २-२-२-२, ४-२-३-१ असे आकडे असतात: आधी फ्लूट, ओबो, क्लॅरिनेट, बसून, मग हॉर्न, ट्रम्पेट, ट्रॉम्बोन, ट्युबा. त्या ट्युबाला फक्त दुसऱ्या भागात काम आहे आणि त्याच भागातील प्रसिद्ध धून इंग्लिश हॉर्न या ओबोच्या जातीच्या वाद्यावर येते, एवढे तुम्ही आकडे पाहून बोललात की परीक्षकांना तुमची ओळख पटेल.

आपल्या देशात अशा जागा क्वचित निघतात. मुंबईच्या एनसीपीए या कलाकेंद्रात सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया उभा राहिला तोच २००६ साली. म्हणून ही संधी सोडू नका. ऑर्केस्ट्रा ग्रंथपालांची ‘मोला’ ही संघटना १९८३ पासून आहे, तिची पार्ट तयार करण्याविषयीची मार्गदर्शिका जरूर वाचा.

जुना क्लॅरिनेटवाला, बेळगाव
बाळ, लष्करी बँडमध्ये मी क्लॅरिनेट वाजवत असे आणि पार्ट उतरवण्याचे कामही माझ्याकडेच होते. बी-फ्लॅट क्लॅरिनेटवर लिहिलेला सी हा बी-फ्लॅट ऐकू येतो, म्हणून तिचा पार्ट एक पूर्ण स्वर वर लिहावा लागतो. एकदा घाईत मी मूळ पट्टीच तशीच उतरवली आणि तालमीत पहिल्याच ओळीला सारा बँड थांबवावा लागला. ती शांतता मला आजही आठवते.

प्रात्यक्षिकात चुका पेरलेले पान देतात. ते वाजवल्यासारखे वाचू नकोस, कारण सरावलेला कान चूक आपोआप दुरुस्त करून घेतो. आधी प्रत्येक ओळीची क्लेफ (रेघांवरचे स्वर ठरवणारी सुरुवातीची खूण) आणि पट्टी पाहा, मग प्रत्येक बारच्या, म्हणजे दोन उभ्या रेघांमधल्या घराच्या, मात्रा मोज, मग विरामांचे बार स्कोअरशी (सर्व वाद्यांच्या एकत्रित स्वरलिपीशी) ताडून पाहा.

खानापूरकरीण
काका, दादा, दोघांचीही मी ऋणी आहे. अर्ज नव्याने लिहायला घेतला आहे. सोबत स्वतः तयार केलेला एखादा पार्ट जोडला तर चालेल का?

निपाणीकर
अवश्य जोडा, मात्र स्वामित्वहक्क संपलेली रचना घ्या. भारतात तो रचनाकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो. १९७५ साली वारलेल्या शोस्ताकोविचच्या रचना म्हणूनच अजून भाड्याने आणाव्या लागतात. पान उलटण्याच्या जागी वादकाला विराम मिळेल अशी ओळींची मांडणी करा. मुलाखतीला छापील प्रत न्या, ए-फोरपेक्षा मोठ्या आणि जाड कागदावर. स्टँडवरच्या दिव्याखाली मागच्या बाजूची स्वरलिपी उमटलेली दिसता कामा नये.