सिसिलीच्या टूरमध्ये ताओर्मिनाला तीनच तास, पुरतील का?

बी-७०३ काकू: कुणी इटलीत सिसिलीला जाऊन आलंय का? आमच्या टूरमध्ये ताओर्मिना म्हणून गाव आहे, सकाळी ११ला पोचायचं नि २ला बस परत. बघण्यासारखं काय आहे? टेकडीवर आहे म्हणे आणि ह्यांचे गुडघे दुखतात म्हणून विचारतेय

ए-४०२ ताई: काकू आम्ही मागच्या सप्टेंबरात आईला घेऊन गेलेलो, दोन रात्री राहिलो. तीन तास म्हणजे काहीच नाही हो, एजंटकडून एक तरी रात्र वर गावातच मागून घ्या. दिवसा बसेस नि क्रूझवाल्यांनी मुख्य रस्ता नुसता दादरच्या पुलासारखा भरतो, संध्याकाळी ती माणसं खाली उतरली की मग गाव दिसतं, दिवे लागतात, तिथली म्हातारी माणसं चौकात बाकांवर येऊन बसतात

ए-४०२ ताई: गुडघ्यांचं म्हणाल तर गाव समुद्रापासून २०० मीटर वर आहे पण बस घाटाने बरीच वर नेते. कोर्सो उम्बेर्तो हा मुख्य रस्ता, गाड्यांना बंद, फार चढ नाही, काकांना हळूहळू जमेल. बाजूच्या गल्ल्या मात्र सगळ्या पायऱ्याच, तिकडे वळू नका

बी-७०३ काकू: आणि ते थिएटर म्हणतात ते?

ए-४०२ ताई: तेच तर मुख्य काकू! मूळ ग्रीकांचं, इसवी सनापूर्वी ३ऱ्या शतकातलं, नंतर रोमन लोकांनी विटांनी जवळजवळ नव्यानेच बांधलं. १०९ मीटर रुंद आहे. रंगमंचामागची भिंत मधेच पडलीय आणि त्या भगदाडातून समुद्र आणि एटना ज्वालामुखी दिसतो, ३३०० मीटरच्या वर उंच, आम्ही गेलो तेव्हा टोकावरून धूर निघत होता. आई अर्धा तास काही बोललीच नाही, नुसती बघत बसली. उघडल्या उघडल्या जा, दुपारी दगड तापतात नि सावली नाही. काकांनी खालच्याच ओळीत बसावं, सगळ्यात वर चढायची गरज नाही

सी-१०१ काका: हे आपल्या कान्हेरीच्या लेण्यांच्याही आधीचं झालं की. थोडं इतिहासाचं सांगतो, शाळेत शिकवायचो तेव्हापासून मला ह्या भागाची ओढ आहे. टेकडीच्या खाली समुद्रकाठी नाक्सोस म्हणून गाव होतं, सिसिलीतली ग्रीकांची पहिली वसाहत, इ.स.पू. ७३४च्या सुमाराची. इ.स.पू. ४०३मध्ये सिसिलीतल्याच सिराक्यूज ह्या ग्रीक शहराचा हुकूमशहा डायोनिसियस, त्याने ते उद्ध्वस्त केलं. मग इ.स.पू. ३५८मध्ये आंद्रोमाकस नावाच्या पुढाऱ्याने वाचलेल्या माणसांच्या वंशजांना वर टेकडीवर आणून वसवलं. त्याचा मुलगा टिमियस पुढे मोठा इतिहासकार झाला. म्हणजे हे गाव मुळात विस्थापितांचं, आज सगळे तिथे हवा खायला जातात पण वर चढण्यामागे जीव वाचवणं होतं. नंतर इ.स. ९०२ला अरबांनी जिंकलं, १०७९ला नॉर्मन आले. तो खालचा नाक्सोसचा परिसरही जमल्यास पाहा, अवशेष अजून आहेत

ए-४०२ ताई: काका हे माहीत असतं तर आम्ही खाली नक्की थांबलो असतो. चौकाचं पण छान आहे, त्याचं नावच ९ एप्रिल, १८६०मध्ये त्या दिवशी चर्चमध्ये प्रार्थना चालू असताना कुणीतरी येऊन सांगितलं, इटली एक करायला लढणारा सेनानी गॅरिबाल्डी सिसिलीत उतरला, लोक आनंदाने बाहेर पडले, बातमी खोटी निघाली, तो खरा उतरला मेच्या ११ला, तरी नाव तेच ठेवलं

डी-२०४ दादा: समुद्रावर जायचं कसं वरून? पोरांना पोहायचंय, आम्हीही दिवाळीत बघतोय

ए-४०२ ताई: रोपवे आहे खाली माझारोच्या किनाऱ्यापर्यंत, काही मिनिटांत. तिथून जवळ इझोला बेल्ला, किनाऱ्याला वाळूच्या चिंचोळ्या पट्टीने जोडलेलं छोटं बेट, फ्लॉरेन्स ट्रेव्हेलियन नावाच्या इंग्रज बाईने १८९०मध्ये विकत घेऊन तिथे झाडं लावली, वर गावातली बागही तिचीच. आता राखीव निसर्गक्षेत्र आहे. किनारा सगळा गोट्यांचा, अनवाणी चालवत नाही, पोरांना रबरी चपला घ्या. आणि एटनाची राख उडाली की जवळच्या कातानिया शहराचा विमानतळ कधीकधी बंद ठेवतात, परतीच्या विमानाच्या आदल्या दिवशी थोडी मोकळीक असू द्या

बी-७०३ काकू: आम्ही शाकाहारी, खायचं काय?

ए-४०२ ताई: पास्ता आला नोर्मा मागवा, तळलेली वांगी नि टोमॅटो, वरून चीज. आरान्चिनो म्हणजे भाताचा तळलेला गोळा, तो घेताना आधी विचारा, बहुतेकांत मटण-खिम्यासारखं सारण असतं. सकाळी ग्रॅनिता, बदामाचा बर्फाळ गोळा चमच्याने खायचा, सोबत बन देतात पण त्यात अंडं असतं हो काकू

बी-७०३ काकू: आत्ताच एजंटला फोन लावला, एक रात्र वाढवतो म्हणाला, पैसे जास्त पडतील पण ह्यांनी लगेच हो म्हटलं. ताई त्या बदामाच्या ग्रॅनिताचा फोटो टाका ना, दुकानात दाखवायला होईल