एएलएसमध्ये लाळ सतत गळते, काय करावं?

प्रश्न: बाबांना एएलएस आहे (मज्जातंतूंचा आजार, यात स्नायू हळूहळू कमजोर होत जातात). दोनेक महिन्यांपासून लाळ थांबतच नाही, बोलायला तोंड उघडलं की हनुवटीवरून खाली, कॉलर कायम ओली. पुसून पुसून ओठांच्या कडा लाल झाल्यात, आणि कोणी आलं की बाबा तोंड फिरवून बसतात ते बघवत नाही. एवढी लाळ तयारच का होते? पाणी कमी दिलं तर फरक पडेल का?

उत्तर १: पाणी अजिबात तोडू नका! आईच्या वेळी आम्ही हीच चूक केली, लाळ तारेसारखी चिकट झाली आणि घशात अडकून ती रात्र रात्र घुसमटायची. मुळात लाळ जास्त होतच नाही हो, सगळ्यांनाच दिवसाला अर्धा ते दीड लिटर सुटते, आपण ती नकळत गिळत राहतो. जीभ, ओठ, घशाचे स्नायू कमजोर झाले की गिळणं मागे पडतं आणि ती साचते. न्यूरोलॉजिस्टना लाळ कमी करणाऱ्या ग्लायकोपायरोलेट किंवा अमिट्रिप्टिलिन या औषधांबद्दल विचारा, अ‍ॅट्रोपिनचे डोळ्यांचे थेंब जिभेखाली टाकायलाही काही डॉक्टर सांगतात, पण मनाने सुरू करू नका. या औषधांनी बद्धकोष्ठ होतं, लघवी अडकते, वयस्कर माणूस गोंधळतो. काचबिंदू किंवा प्रोस्टेटचा त्रास असेल तर आधीच सांगा.

उत्तर २: लाळ पातळ आहे की चिकट ते आधी नीट बघा, कारण ही सगळी औषधं लाळ सुकवतात, चिकट असेल तर त्रास वाढतो. आमच्या ह्यांना गोळ्या झेपल्या नाहीत म्हणून कानापुढच्या आणि जबड्याखालच्या लाळग्रंथींत बोटॉक्सची इंजेक्शनं दिली, सोनोग्राफीत बघून. साधारण ३ महिने आराम पडतो, मग परत घ्यावी लागतात. कधी कधी गिळणं अजून बिघडू शकतं, तेवढं डॉक्टरांशी स्पष्ट बोलून घ्या.

उत्तर ३: ओठ पुसू नका, मऊ सुती कापडाने नुसतं टिपायचं आणि वर व्हॅसलिनचा पातळ हात. मान पुढे पडत असेल तर आधार द्या, मान झुकल्यानेही लाळ बाहेर येते. आम्ही घरी लाळ ओढून घेणारं छोटं सक्शन मशीन ठेवलंय, नळी गालाच्या आतल्या बाजूला धरायची, घशात खोल घालायची नाही, उबळ येते. आणि जेवताना ठसका, ताप, छातीत घरघर असं काही दिसलं तर थांबू नका, लगेच डॉक्टरांना दाखवा, लाळ फुफ्फुसात गेली तर न्यूमोनिया होतो.

प्रश्नकर्ता: खूप आभार सगळ्यांचे. बाबांना प्रोस्टेटची गोळी चालू आहे, न्यूरोलॉजिस्टना हे सांगायचं आमच्या डोक्यातच आलं नसतं. पाणी पहिल्यासारखंच देत राहते.