बाईकवाल्यांचा हळू चाललेला ग्रुप ओलांडताना... तुमचे अनुभव लिहा

मागचा_आरसा
काल बऱ्याच वर्षांनी मागच्या सीटवर बसून प्रवास केला. एरवी स्टीअरिंग माझ्याच हातात असतं त्यामुळे असं निवांत बाहेर बघणं होत नाही. दुभाजक नसलेला साधा रस्ता, समोर बारा-तेरा बाईकवाले, सगळ्यांच्या मागे सामान बांधलेलं, पन्नासच्या आसपास चाललेले. गाडी चालवत होता माझा भाचा, वय २३. मला वाटलं आता हा हॉर्न मारणार. पण नाही, अंतर ठेवून गप मागे राहिला. चार-पाच मिनिटांनी शेवटच्या बाईकवाल्याने आरशात बघून हाताने पुढे जा असं खुणावलं, तरी याने आधी स्वतः समोरचा रस्ता नीट बघितला, मग गाडी बाहेर काढली आणि सगळ्यांच्या पुढे जाऊन पहिली बाईक आरशात पूर्ण दिसल्यावरच आत घेतली.

आणि मला पंधरा वर्षांपूर्वीची दुपार आठवली. आईला दवाखान्यातून सोडणार होते, दोनच्या आत कागद घ्यायचे होते, मी घाईत. असाच नऊ जणांचा ग्रुप पुढे. मी ओव्हरटेक सुरू केला, अर्ध्यात आल्यावर समोरून बस आली, आणि मी सरळ पाचव्या आणि सहाव्या बाईकच्या मध्ये गाडी घातली. जागा दिसली म्हणून घातली. मागे टायर घासल्याचा आवाज आला, आरशात एक बाईक डोलताना दिसली. पडलं कुणी नाही.

पुढे रेल्वेचं फाटक बंद होतं. ग्रुप मागून आला. त्यांच्यातला सगळ्यात मागचा माणूस उतरला, हेल्मेट काढलं, काचेपाशी आला आणि हळू आवाजात म्हणाला, "ताई, तुम्ही जिच्यापुढे घुसलात ती माझी मुलगी. आज तिचा पहिलाच लांबचा प्रवास आहे." बस एवढंच. मी मान वळवून बघितलं तर ती बाईकवर बसलेलीच होती, माझ्याकडे बघत नव्हती, ग्लोव्ह काढून स्वतःच्या हातांकडे बघत होती. मी माफी मागितली की नाही तेच आता आठवत नाही, याचं फार वाईट वाटतं. फाटक उघडलं, ते गेले. दवाखान्याचे कागद शेवटी चारला मिळाले.

तुमचे अनुभव लिहा. गाडीतून असोत किंवा बाईकवरून, दोन्ही बाजूंचे.

पावसाळी
वाचताना अंगावर काटा आला. आई बरी झाली ना पण?

मागचा_आरसा
हो झाली, नंतर चांगली अकरा वर्षं होती आमच्यात.

स्वीपवाला
मी आमच्या ग्रुपचा स्वीप, म्हणजे सगळ्यात शेवटी चालणारा. त्या वडिलांच्या जागी मी कितीदा होतो सांगता येणार नाही. ताई तुम्ही लिहिलंत हे फार बरं केलं.

जी जागा गाडीवाल्यांना रिकामी दिसते ती रिकामी नसते हो. आम्ही एकामागे एक चालत नाही, तिरपे चालतो, एक लेनच्या आतल्या बाजूला, पुढचा कडेच्या बाजूला, असं. तिरक्या बाईकपासून एक सेकंद आणि आपल्याच रेषेतल्या बाईकपासून दोन सेकंद एवढं अंतर. समोर खड्डा, वाळू, दगड आला की वळवायला आणि ब्रेक मारायला तेवढी जागा लागतेच. तुम्ही त्यात गाडी घातली की मागच्याचे दोन सेकंद एका झटक्यात अर्धा सेकंद होतात, आणि नवशिका असेल तर तो घाबरून पुढचा ब्रेक आवळतो, तिथेच घोटाळा होतो.

दुसरं, बाईकवाला नुसता ॲक्सिलरेटर सोडतो तेव्हा इंजिनामुळेच गाडी बऱ्यापैकी हळू होते, ब्रेक लाईट लागतच नाही. म्हणून मागे चिकटून चालू नका, लाल दिवा दिसेल मग ब्रेक मारू म्हणाल तर उशीर झालेला असेल. आणि इंडिकेटर चालू दिसला तरी लगेच विश्वास ठेवू नका, बहुतेक बाईकचा इंडिकेटर वळल्यावर आपोआप बंद होत नाही, कुणाचा तरी मागच्या वळणापासून तसाच चालू राहिलेला असतो.

दहा_चाकी
ट्रक चालवतो, २२ वर्षं झाली. लोडिंग चालू आहे म्हणून वेळ आहे.
बाईकवाल्यांच्या शेजारून जाताना लोक आरशाचं अंतर बघतात, हवेचं कुणी बघत नाही. माझ्या गाडीचं तोंड हवा ढकलत पुढे जातं, ती हवा आधी बाईकवाल्याला बाहेर फेकते, मग तो माझ्या बाजूला आला की आत ओढला जातो, आणि मागचा भाग निघून गेला की परत एक फटका. तीन धक्के. एकट्याला तरी कळतं की ट्रक येतोय, ग्रुपमधे पहिल्याला बसला की दुसरा, दुसऱ्याला बसला की तिसरा, सगळी रांग हलते. बाजूने वारा वाहत असेल तर अजून वाईट कारण माझ्या आडोशाला आल्यावर वारा एकदम थांबतो आणि बाहेर पडल्यावर एकदम येतो, तेवढ्यात हँडल सांभाळायचं. मी ग्रुप दिसला की पूर्ण पलीकडच्या लेनमधे जातो. जाता येत नसेल तर जात नाही. मालकाला उशीर झाला तर होऊदे

निळं_हेल्मेट
दादा तुमच्यासारखे सगळे असते तर! मी एकदा ट्रकच्या त्या ओढीने खरंच आत खेचली गेले होते, चाकं किती मोठी असतात ते तेव्हा कळलं, बाजूला माझ्या गुडघ्यापाशी चाकाचे नटबोल्ट फिरताना दिसत होते. तेव्हापासून मोठी गाडी येताना दिसली की हँडल घट्ट न धरता हात सैल ठेवते, गुडघ्यांनी टाकी धरते आणि लांबवर बघते, चाकाकडे बघायचं नाही. जिकडे बघाल तिकडे बाईक जाते.

रातराणी
मशीन लावलंय, कपडे होईपर्यंत लिहिते. मी गाडीतही नसते आणि बाईक चालवतही नाही, मी मागे बसते 😊 नवऱ्याच्या ग्रुपमधे आम्ही पाच-सहा जणी मागे बसणाऱ्या. मागे बसलेल्याला आरसा नसतो, त्यामुळे बाजूला गाडी आली की ती एकदम कानाशीच येते. एकदा एकाने आमच्या बरोबरीला येऊन काच खाली केली आणि मोबाईलने शूटिंग करत राहिला, प्रेमानेच हो, हात वगैरे हलवत होता, पण तो शेजारून हलेचना. यांना ना पुढे जाता येत ना मागे, समोर खड्डा आला असता तर वळवणार कुठे. तर ओव्हरटेक करायचा तर करून टाका, शेजारी रेंगाळू नका हेच मला सांगायचंय. अजून खूप आहे पण मशीन वाजलं

गणिती
मला उदाहरण घालून बघायची सवय आहे, वाचा. १० बाईक, वेग ५०. तिरपं एक सेकंद अंतर म्हणजे साधारण १४ मीटर, नऊ फटी, म्हणजे रांग सव्वाशे मीटरची. तुम्ही २५ मीटर मागून सुरुवात केली आणि २५ मीटर पुढे जाऊन आत आलात तर १७५ मीटर कापायचे. तुमचा वेग ७० धरला तर फरक फक्त २० चा, म्हणजे अर्धं मिनिट तुम्ही समोरच्या लेनमध्ये असणार! तेवढ्यात तुमची गाडी सहाशे मीटर जाते, समोरचा पण ७० ने येत असेल तर त्याचे सहाशे. म्हणजे सव्वा किलोमीटर रस्ता मोकळा दिसायला हवा. कुणाला दिसतो एवढा? म्हणून लोक मधेच घुसतात.

आता हाच ग्रुप चार-चारचा केला तर हिशोब १६-१७ सेकंदांवर येतो आणि साडेसहाशे मीटर पुरतात. तेव्हा दोष फक्त गाडीवाल्याचा नाही.

शांत_हॉर्न
गणितींशी सहमत, आणि जरा रागानेच लिहितोय माफ करा. सगळे गाडीवाल्यांना शिकवतायत पण २०-२५ जण एकत्र, दोघं दोघं शेजारी गप्पा मारत, ४० ने, मागे पंधरा गाड्या अडकलेल्या, हे मी पाहिलंय. माझ्या गाडीत बायको होती, नववा महिना, कळा सुरू झाल्या होत्या. मी हेडलाईट दिला, हॉर्न दिला, तर एकाने मागे वळून हात उडवला. पाच-सात मिनिटं असतील पण मला ती अजून विसरता येत नाहीत. मुलगी व्यवस्थित झाली, आता नऊ वर्षांची आहे.

स्वीपवाला
दादा, चुकलंच ते. त्यांच्यातलाच एक म्हणून माफी मागतो. असा ग्रुप रस्त्यावर यायलाच नको. आम्ही पाच-सहाच्या वर एकत्र चालत नाही, जास्त असलो तर तुकड्या करतो आणि दोन तुकड्यांमधे एवढं अंतर ठेवतो की एक कार आरामात आत येऊन थांबू शकेल आणि पुढची संधी बघेल. मागे तीन-चार गाड्या साठल्या की लीडला, म्हणजे सगळ्यात पुढे चालणाऱ्याला, खूण जाते आणि जिथे कडेला पक्की जागा मिळेल तिथे सगळे बाजूला होतो. दोन मिनिटं जातात फक्त.
आणि शेजारी शेजारी चालणं तर नाहीच, शेजारी माणूस असला की तुमची अर्धी लेन गेली.

शांत_हॉर्न
माफी कशाला, तुम्ही थोडीच होतात तिथे. पण बरं वाटलं वाचून.

पायवाट
ग्रुपचं सोडा, आमच्या इकडे सायकलवाल्यांचं पण तसंच आणि मेंढ्यांचं पण. मेंढ्या तरी हॉर्नला घाबरत नाहीत 😄

उशिरा_शिकले
मी ५१ व्या वर्षी बाईक शिकले, दीड वर्ष झालं. ग्रुपमधे मला लीडच्या लगेच मागे ठेवतात, नवीन माणसाच्या वेगाने बाकीच्यांनी चालायचं म्हणून. आधी मला वाटायचं नवीन आहे म्हणजे शेवटी ठेवतील. पण शेवटी असलं की पुढचे लांब गेले की आपण वेग वाढवत बसतो, आणि तिथेच चुकतो.

सगळ्यात अवघड मला ग्रुपने ओव्हरटेक करणं वाटतं. पुढे ट्रॅक्टर असतो, लीड जातो, आणि मन म्हणतं तो गेला म्हणजे रस्ता मोकळा आहे. पण तो मोकळा त्याच्यासाठी होता. एकदा मी अशीच त्याच्या मागून निघाले आणि समोर जीप. कशी आत आले ते माझं मला माहीत. रात्री हॉटेलच्या खोलीत एकटीच रडले. त्या दिवसापासून नियम पक्का, प्रत्येकाने स्वतः बघायचं, एकेकाने जायचं, आणि ओलांडून झालं की लगेच ब्रेक न मारता थोडं पुढे जायचं म्हणजे मागच्याला आत यायला जागा राहते.

अजून एक विचारायचं होतं, चष्म्यावर आणि हेल्मेटच्या काचेवर वाफ धरते त्याला काय करता? पावसात मला काहीच दिसत नाही आणि मागची गाडी जवळ आलीय की लांब तेही कळत नाही.

निळं_हेल्मेट
ताई रडलात ते लिहिलंत, मी पण रडलेय पहिल्या वर्षी दोनदा. सुरेख चाललंय तुमचं.
वाफेला पिनलॉक बसवा, आतून दुसरी काच असते, मधे हवेचा थर राहतो म्हणून वाफ धरत नाही. हेल्मेटच्या काचेला त्याच्या खुंट्या आहेत का बघून घ्या आधी.

पावसाळी
भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब काचेला आतून चोळून कोरड्या कापडाने पुसायचा. तासभर तरी टिकतं. चष्म्याला पण चालतं.

दहा_चाकी
पावसात काच बोटभर उघडी ठेवा. आणि रस्त्याच्या पांढऱ्या पट्ट्यांवर ब्रेक मारू नका, ओला रंग निसरडा असतो, पहिल्या पावसात तर रस्त्यावरचं तेल पण वर आलेलं असतं. आम्हाला जाणवतं मग दोन चाकांना किती जाणवेल

गणिती
@स्वीपवाला वळणावर तुम्ही एकेरी होता ना? मग रांग दुप्पट लांब होते, दोन सेकंदांची फट धरली तर दहा जणांची अडीचशे मीटर. म्हणजे वळणाच्या रस्त्यावर ओव्हरटेक विसराच.

स्वीपवाला
हो. लीड एक बोट वर करतो, म्हणजे एकेरी. ती खूण दिसली की मागच्या गाडीवाल्याने समजायचं पुढे वळणं आहेत, आता थांबा. सरळ रस्ता आला की तो दोन बोटं दाखवतो, परत तिरपे होतो, तेव्हा बघा.
आणि मागच्या धाग्यात एकाने विचारलं होतं की स्वीपने हात दाखवला की जायचं का. मी जो हात दाखवतो तो फक्त "मी तुम्हाला पाहिलंय, माझी हरकत नाही" एवढाच. मी सगळ्यात मागे आहे, समोरून काय येतंय ते मला तुमच्यापेक्षा जास्त दिसत नाही. मूळ लेखातल्या पोराने बरोबर केलं.

मागचा_आरसा
काल रात्री भाच्याला विचारलं, तुला हे कुणी शिकवलं. तर म्हणाला, "मावशी मला ओव्हरटेकची भीतीच वाटते गं, म्हणून थांबलो." मी काही बोलले नाही, त्याच्या ताटात वाढत राहिले. तुम्हा सगळ्यांचे प्रतिसाद त्याला वाचायला देणार आहे.

रातराणी
भीती राहूदे त्याची. कपडे वाळत घातले 😊 आता पुढचा किस्सा, एकदा आमच्या ग्रुपमधल्या एकीची ओढणी चाकात... थांबा, दार वाजलं, रात्री लिहिते

उशिरा_शिकले
लिक्विडचा उपाय आत्ताच करून बघितला, काच एकदम स्वच्छ! पावसाळीताई खूप आभार. पिनलॉकच्या खुंट्या म्हणजे आतल्या बाजूला दोन बारीक बटणं असतात तीच का?

निळं_हेल्मेट
तीच ती.